बाबांची सही

घर घ्यायचं ठरलं तेव्हा सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचे कागद करणारा वकील, निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. शिफ्टमुळे मला दुपारचे तास मोकळे मिळायचे, नवऱ्याला मिळायचे नाहीत. एजंटने एक फर्म सुचवली होती. सगळं अ‍ॅपवर होतं, कुणाशी बोलायचीसुद्धा गरज पडत नाही, असं तो कौतुकाने म्हणाला. तरी मी चार ठिकाणी फोन केले. बर्मिंगहॅममध्ये आमच्याच भागात, चष्म्याच्या दुकानावर ऑफिस असलेल्या एका बाईंनी स्वतः फोन उचलला. फीचं काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, "या घरात राहणार कोण कोण?"

आम्ही दोघं, मुलगी आणि माझे सासरे, मी सांगितलं. बाकी तिघांपैकी कुणीच हे विचारलं नव्हतं. तेवढ्यावरून मी त्यांना निवडलं.

सासरे, म्हणजे बाबा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावात आयुष्यभर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. सासूबाई गेल्यावर त्यांनी तिथलं घर विकलं आणि आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोनच बेडरूम. मुलीने तिची खोली त्यांना दिली आणि ती बाहेर सोफ्यावर झोपायला लागली. खाली एक खोली आणि बाथरूम असलेलं घर घेता यावं म्हणून बाबा आपल्या विक्रीच्या पैशातून आम्हाला मदत करणार होते. तसं घर मिळालंही. बघायला गेलो तेव्हा बाबा खालच्या खोलीत बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले.

घराच्या कागदपत्रांचे सर्च झाले, कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, उत्तरं आली. मग एके दिवशी सॉलिसिटर बाईंनी मला बोलावून दोन कागद पुढे ठेवले. बाबांनी दिलेल्या पैशावर त्यांचा काही हक्क राहणार नाही, असा एक. घरात राहिले तरी मॉर्टगेज, म्हणजे घराचं कर्ज, देणाऱ्यांपुढे त्यांचा घरावर हक्क नाही, असा दुसरा. दोन्हींवर बाबांची सही हवी होती, पण ती त्या स्वतः घेऊ शकत नव्हत्या. "मी तुमची सॉलिसिटर आहे," त्या म्हणाल्या. "या कागदांत तुमचा फायदा आहे आणि त्यांचा तोटा. त्यांच्या बाजूचं कुणीतरी त्यांना हे एकट्याला समजावून सांगायला हवं."

नवरा चिडला. तो इथेच जन्मला, त्याच्या मराठीत लिंगाचा घोळ कायमचा. "तो माझी बाबा आहे," तो म्हणाला. "त्याची वेगळा बाजू कुठली?"

मी मात्र घाबरले. कारण मला काही महिन्यांपासून शंका होती. शंका म्हणते, पण खरं तर माहीत होतं. चहाचं आधण दोनदा आटून भांडं जळलं होतं. ब्लडप्रेशरची गोळी एका सकाळी त्यांनी दोनदा घेतली, तेव्हापासून आठवड्याचा डबा मीच भरत होते. आलेली पत्रं ते न उघडता उशीखाली ठेवायचे. एकदा त्यांनी मला सासूबाईंच्या नावाने हाक मारली आणि चूक लक्षातही आली नाही. मी यातलं नवऱ्याला काही सांगितलं नाही. आईच्या जाण्यातून अजून न सावरलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावत होते. ते अर्धंच खरं होतं. मला ते घर हवं होतं.

मग मी बाबांची तयारी करून घेतली. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांना बसवून विचारायचे, "बाबा, घर कुणाचं?" ते म्हणायचे, "तुमचं. तुम्हा दोघांचं." पैसे परत मागणार का? नाही. परीक्षेच्या आधी मुलीचे पाढे घ्यावेत तसं चाललं होतं. तीन दिवस त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली.

बाबांसाठी घेतलेला दुसऱ्या फर्ममधला सॉलिसिटर तरुण होता, नम्र होता. बाबा टाय लावून आले होते. त्याने मला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. पंचेचाळीस मिनिटांनी तो एकटाच बाहेर आला. आत काय बोलणं झालं ते तो सांगू शकत नव्हता. आज तो सह्या घेणार नव्हता, एवढंच त्याने सांगितलं. बाबांना मेमरी क्लिनिकला दाखवावं, असंही हळूच म्हणाला.

बसस्टॉपवर बाबांनी आपणहून सांगितलं. "चांगला मुलगा आहे. घर कुणाचं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, आमचं. पण कागदाचं सगळं ही बघते, सही तिचीच घ्या." मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "अजून कशी आली नाही ही?"

सासूबाईंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

आमच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. बाबांना व्यवहार समजतो याची खात्री नसताना त्यांचे पैसे त्या स्वीकारू शकत नव्हत्या. त्यांच्या वतीने सही करायला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे का, त्यांनी विचारलं. नव्हती. ती आता करताही येणार नव्हती, कारण तीसुद्धा देणाऱ्याला समजावी लागते. उरला कोर्टाचा रस्ता, म्हणजे बाबांच्या वतीने निर्णय घ्यायची परवानगी कोर्टाकडे मागायची, आणि त्याला कित्येक महिने लागणार होते. त्यांना वाईट वाटत होतं, ते आवाजातून कळत होतं. माझं म्हणाल तर, मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फक्त राग वाटला.

विकणाऱ्यांनी सहा आठवडे वाट पाहिली. मग घर पुन्हा बाजारात गेलं आणि लगेच विकलं गेलं.

"तुला माहीत होता?" नवऱ्याने विचारलं. मी हो म्हटलं.  तो इंग्रजीत म्हणाला, की एजंटची फर्म घेतली असती तर कुणी काही विचारलंच नसतं. मीही त्या महिन्यात तेच मनात घोळवत होते. एका आजारी माणसाकडून, त्याला न कळता, त्याची आयुष्यभराची कमाई लिहून घेता आली असती, आणि ती संधी गेली म्हणून मी रडत होते. हे कळूनही रडणं थांबत नव्हतं.

क्लिनिकची तारीख त्यानंतर आली. डॉक्टर बाईंनी बाबांपुढे कोरा कागद ठेवला आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबा हसले. ही परीक्षा त्यांनी स्वतः शेकडो पेशंटची घेतली होती, असं ते इंग्रजीत म्हणाले. नीट गोल काढला. मग आकडे लिहायला लागले. बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच संपले आणि डावी बाजू कोरी राहिली. त्यांनी कागदाकडे पाहिलं. तो कागद काय सांगतो ते त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

नवरा गाडी आणायला गेला. आम्ही दोघं दाराशी उभे होतो.

"तुझ्या कधी लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये मी बराच बरा होतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पेशंटला समजावताना असेल तसा तो आवाज होता. "तेव्हा सांगायचंस. तेव्हा मी सगळ्यावर सही करून दिली असती."

 गाडी आली, त्यांना हात धरून बसवलं, पट्टा लावला.

कोर्टातला अर्ज अजून चालू आहे. आम्ही त्याच फ्लॅटमध्ये आहोत, मुलगी अजून सोफ्यावर झोपते. बाबांना जिना उतरवायला आता दोघं लागतात, म्हणून ते सहसा खाली येत नाहीत.