कपडे आधी, नाव शेवटी

रेडिओवरचे किस्से म्हटले की लोक हसायच्या तयारीनेच बसतात. जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या आमच्या छोट्याशा रेडिओ स्टेशनवरही असे पुष्कळ साठलेत. चहाच्या वेळी मीसुद्धा ते रंगवून सांगते. पण खरं सांगू का, त्यातला प्रत्येक किस्सा घडत होता तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं.

कारण घरी आहे. नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली तेव्हा सासरेही सोबत आले. कराडला जन्मभर गणित शिकवलेले बाबा आता जेवलो की नाही तेही विसरतात, आणि मनात आलं की चपला घालून निघतात. मात्र रेडिओवर माझा आवाज चालू असला की खुर्चीतून हलत नाहीत. म्हणून अकरा ते बारा मी स्टेशनवर, बाबा रेडिओपाशी, आणि समोरच्या भाभींचं आमच्या दारावर लक्ष. आवाज बंद पडला तर श्रोते जातील अशी बाकीच्यांना भीती. मला बाबा जातील अशी.

*

पहिल्याच महिन्यात मी कैरीच्या लोणच्याची कृती सांगत होते. "अब नमक लीजिए," एवढं म्हटलं आणि गच्चीवरच्या माकडांनी अँटेनाची वायर ओढली. आमचे प्रमुख शर्माजी काठी घेऊन वर धावले. वायर जोडली, तसे फोन खणखणायला लागले. एक बाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. "मॅडम, नमक कितना? मेरे हाथ तब से बरनी में हैं."

मी काहीतरी सांगितलं, गाणं लावलं आणि भाभींना फोन केला. बाबा जागेवर होते. त्या बाईंना मीठ किती सांगितलं ते मला आजही आठवत नाही.

*

शास्त्री नगरचे एक डॉक्टर 'घबराहट कैसे दूर करें' या विषयावर बोलायला आले. बाहेर चहा पिताना काय बोलत होते! आत लाल दिवा लागला आणि त्यांची बोलतीच बंद. नुसते माझ्याकडे बघत बसले. काचेपलीकडून शर्माजी हातवारे करतायत. मग काय, प्रश्न मीच विचारले आणि "डॉक्टरसाहब का कहना है कि" म्हणत उत्तरंही मीच दिली. तब्बल वीस मिनिटं. डॉक्टर आपले प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते, रेडिओवर.

जाताना विचारलं, "आप बिलकुल नहीं डरतीं?"

आता यांना काय सांगू? घाबरले होते म्हणूनच तर थांबले नाही.

*

मग बघेरा, म्हणजे बिबट्या. एका श्रोत्याने थेट कार्यक्रमात फोन करून सांगून टाकलं की आमच्या गल्लीत बघेरा शिरलाय. वनविभागाने खात्री केल्याशिवाय असलं काही बोलायचं नाही, हा शर्माजींचा नियम. पण तोवर सगळीकडे ऐकू गेलं होतं. अर्ध्या मुरलीपुऱ्याने कड्या लावून घेतल्या. वनविभागाची माणसं आली, गल्ली धुंडाळली आणि त्यांना एक वासरू सापडलं. थंडी वाजू नये म्हणून मालकाने त्याच्या अंगावर ठिपक्यांची चादर बांधली होती.

हे सगळं कळायच्या आतच मी जीव मुठीत धरून घरी पळाले होते. आख्ख्या गल्लीत एकच दार सताड उघडं होतं, आमचं. उंबऱ्यात बाबा काठी घेऊन बसलेले.

"तू बाहेर होतीस ना," म्हणाले.

*

हरवलेल्या माणसाची सूचना वाचायची आमची एक पद्धत आहे. कपडे आधी, नाव शेवटी. रस्त्यात लोकांना कपडे दिसतात, नाव दिसत नाही. आणि एकदा चिठ्ठी हातात आली की मध्ये थांबायचं नाही, सलग तीनदा वाचायची.

गेल्या हिवाळ्यात एकदा लाइट गेली आणि नेमका बॅटरीनेही दगा दिला. दहा मिनिटं प्रसारण बंद. भाभींचा फोन लागेना. लाइट आली आणि मला माइकपाशी बसावंच लागलं. थोड्या वेळाने फोन घेणाऱ्या मीनाने एक चिठ्ठी पुढे सरकवली. ती नवीन होती. मला दीदी म्हणायची, आडनाव तिला ठाऊक नव्हतं.

मी वाचायला लागले. "एक बुजुर्ग लापता हैं. उम्र अठहत्तर साल. सफेद पायजामा, भूरा स्वेटर, कोहनी पर नीले धागे की सिलाई..."

कोपरावरचा तो निळा दोरा मीच घातला होता.

"भाषा मराठी," मी वाचलं. भाभींनीच घाईघाईत फोनवर लिहवलं असणार. मग नावही वाचलं. तीनदा. आवाज जराही कापला नाही, असं शर्माजी नंतर म्हणाले. मला माझा आवाज ऐकूच येत नव्हता.

पंधरा मिनिटांनी सीकर रोडवरच्या एका चहावाल्याचा फोन आला. "बाबूजी यहीं बैठे हैं. घर का रेडियो चुप हो गया तो दूसरा ढूँढते हुए आए. अब उठते ही नहीं. कहते हैं, बहू बोल रही है."

मी रिक्षा करून गेले. बाबा टपरीच्या बाकावर, रेडिओकडे कान करून. हात धरला तसे निमूट उठले. रिक्षात मी त्यांची बाही मुठीत घट्ट धरून नुसती बसून राहिले.

बराच वेळ ते बाहेर बघत होते. रस्त्यातला एकेक म्हातारा माणूस निरखत होते. मग माझ्याकडे वळले.

"तू मघाशी सांगत होतीस तो म्हातारा," ते काळजीने म्हणाले, "सापडला का गं?"