मामांची सावली

उजेडावर जन्मभर रुसलेला माणूस उभ्या भोर तालुक्यात एकच निघेल, तो म्हणजे भाटघरचे माझे मामेसासरे. हयात गेली जत्रांतल्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवण्यात, आणि तिथंच खुनाच्या एका काळ्यापांढऱ्या हिंदी चित्रपटानं त्यांना कायमचं बिघडवलं. खुनी कोण, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत चहा यायच्या आत सांगून टाकलं. वर म्हणाले, "खुनाचं सोडा पाव्हणं, जिन्यावर सावली कशी चढती ते बगा." घरात ट्यूब लावू देत नसत. कोपऱ्यात एक मरतुकडा बल्ब, त्याच्या उजेडात मामी तांदूळ निवडायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. कामथडीला पुतणीच्या लग्नात मामांनी स्वतः उठून मांडवातला हॅलोजन विझवला, का तर म्हणे नवरदेव अर्ध्या अंधारात बरा दिसतो! वरमाय अजून बोलत नाही. गोड शेवटावर तर त्यांचा काडीचा विश्वास नाही. सगळं सुखात संपलं की म्हणणार, पुढचं रीळ कापलेलं दिसतंय.

गेल्या वर्षी काचबिंदूनं डाव साधला. डॉक्टर म्हणाले, उरलीय ती नजर फार तर काही महिन्यांची. रंग कळेनासे झालेच होते, उजेड नि अंधार तेवढा समजायचा. मामांनी एकच मागितलं, नजर आहे तोवर तो चित्रपट एकदा बघायचा. मी पडलो शहाणा जावई. जुनी प्रत खरखरीत वाटली, म्हणून नव्यानं रंगवलेली झकास प्रत पेनड्राइव्हवर घालून नेली. काय दिवे लावले मी! मामा टोपी काढून टीव्हीपुढं बसले. जिना आला. हिरवा जिना, निळी भिंत, सगळीकडं सारखा लख्ख उजेड. नाक काचेला टेकेस्तोवर ते पुढं सरकले आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, सावली कुठं गेली?"

काळीपांढरी आणतो म्हणालो, येत्या रविवारी. तो रविवार एका लग्नात गेला, पुढचा कशात गेला आठवतही नाही. अखेर नेली, तेव्हा मामांनी माझा आवाज ऐकून दाराकडं तोंड वळवलं, ते मी उभा होतो त्याच्या हातभर बाजूला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही लाज आता माझ्याबरोबरच जायची.

तरी त्यांनी ती लावायला सांगितली. भिंतीला टेकून बसले. मी गोष्ट सांगू लागलो तसा त्यांनी हात वर केला. गोष्ट त्यांना पाठ होती, सावली कुठवर आली तेवढंच मी बोलायचं होतं. उभ्या जन्मात मी सावलीकडं कधी बघितलं नव्हतं. पहिली पायरी म्हणालो, दुसरी म्हणालो, कठड्यावर वाकडी झाली म्हणालो, आणि पुढचं मलाच दिसेना.

"थांबू नगा," मामा म्हणाले. "अजून तीन पायऱ्या हायेत."

मी डोळे पुसून बघितलं. तीनच होत्या.