दुकान बंद का होतं, हे विचारलंच नाही

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. औशाकडच्या आमच्या गावात राशनचं दुकान माझ्या नावावर होतं. आमच्या बौद्ध वस्तीत मॅट्रिक झालेली सून मी एकटीच, म्हणून परवाना मला मिळालेला. तराजू मात्र सासूबाईंच्या हातात. दुष्काळी कामावरून सुटलेल्या बाया तशाच मातीच्या पायांनी ज्वारी न्यायला यायच्या.

एका सकाळी कोतवालानं कागद आणून दिला. तपासणीत त्रुटी आढळल्या, नोटीस देऊनही दुकानदार हजर राहिल्या नाहीत, सबब परवाना रद्द. कसल्या त्रुटी? कसली नोटीस? आमच्या दारात नोटीस आलीच नव्हती. गावाची कार्डं शेजारच्या गावाला जोडून टाकली होती.

मी आणि सासूबाई लातूरला गेलो. पुरवठ्याची कचेरी भाड्याच्या इमारतीत, फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे फरशीवर. कारकून म्हणाला, "तुमचे कागद अजून जुन्या जिल्ह्यात असतील."

तिथं गेलो तर, "तुमचा तालुका आता आमच्याकडं नाही, बाई."

परत लातूर. त्याच कारकुनाला विचारलं, "नोटीस दिली कुणाच्या हातात?"

"गेलीय म्हणजे गेलीय."

सासूबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या. "फाशी द्यायच्या आधी बी माणसाला इचारतेत. हितं आपला गुन्हा काय, तेवढं बी कुणी सांगंना."

चार-दोन खेपांनंतर साहेब भेटले. त्यांनी कागद चाळले. "तपासणीला माणूस आला तेव्हा दुकान बंद होतं."

"कधी आला होता?"

त्यांनी तारीख सांगितली. मला हसावं की रडावं कळेना. "साहेब, त्या दिवशी आम्ही दोघी औशाच्या गोदामावर होतो. माल उचलायला या, असा निरोप सरकारी माणसानंच दिला होता."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"विचारलं कुणी?" माझा आवाज चढला. बाहेरची माणसं दारात डोकावली.

साहेबांनी कारकुनाला नोटिशीची पोच मागितली. तो आत गेला, बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं आला. साहेब त्याच्यावर खेकसले, "आधी नोटीस द्या, बाईंचं म्हणणं ऐकून घ्या, मग ठरवा."

मग एकदाची नोटीस आली, माझ्या सहीनं घेतलेली. सुनावणीला गोदामपालाला बोलावलं. आम्ही त्या दिवशी तिथंच होतो, हे त्यानं सांगितलं. तेवढ्या एका वाक्यावर परवाना परत मिळाला. पण तोवर गावातल्या बाया कामाचा खाडा करून, उन्हात पायपीट करत शेजारच्या गावाहून धान्य आणत होत्या. त्याचं काय, हे कुठल्याच हुकमात नव्हतं.

नव्या हुकमाच्या शेवटी एक ओळ होती: यापुढे असे होऊ नये, अशी दुकानदारास समज देण्यात येत आहे.

"समज कशाची गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तेच विचारते आता लिहून."

"ऱ्हाऊ दे. आधी राकेलचं पिंप उघड, बाया खोळंबल्यात."

मी पिंप उघडलं. दुसऱ्या दिवशी अर्जही टाकला. त्याचं उत्तर कधीच आलं नाही.