दत्ताच्या प्लँटचं अर्थिंग

मीटरवर आकडा जास्त आला आणि मला आधी बरंच वाटलं. खरं तर काळजी वाटायला हवी होती.

भोकरजवळच्या माळावरचा हा सोलर प्लँट दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. त्याचा प्रोजेक्ट हेड दत्ता. विष्णुपुरीला आम्ही इंजिनिअरिंगला एका बेंचवर होतो. पुढे मी कोळशाच्या वीज केंद्रात लागलो, तेव्हा गावानं माझा सत्कार केला. दत्ता सोलरमध्ये गेला, त्याला लोक ‘पत्रे बसवणारा’ म्हणायचे. आता आमचं जुनं युनिट बंद झालं आणि मला नवे प्लँट तपासायच्या टेस्टिंगला टाकलं. इकडे दत्तामुळे आसपासच्या गावांना शेतीसाठी दिवसा वीज मिळणार होती. गेटवर त्याच्या फोटोचं बॅनर होतं. मी मान खाली घालून आत गेलो.

अर्थिंग म्हणजे बिघाड झाला की करंट जमिनीत उतरायची वाट. तिचा रेझिस्टन्स, म्हणजे मीटरवरचा आकडा, कमीच लागतो. नाहीतर पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याला हात लावणारा माणूस जायचा.

“प्लँट सुरू करायला क्लिअरन्स देता येत न्हाई,” मी दत्ताला म्हणालो.

“मागच्या आठवड्यात तर बरोबर आलतं,” दत्ता म्हणाला. “उद्या उद्घाटन हाय. मंडप पडलाय.”

“तवा खड्ड्यात पाणी ओतलं असंल. हा मुरूम हाय. वाळला की आकडा चढतो.”

तो जवळ आला. “खरं सांग. माझ्यावर जळून राहिलास ना?”

“हाव, लई जळून राहिलो. पण आकडा काही मी आणला न्हाई.”

बोललो खरं, पण माझीच मला खात्री वाटेना. आकडा जास्त यावा अशी इच्छा होतीच की मनात. मी मीटर त्याच्या हातात दिला. “तूच मोज.”

त्यानं मीटरच्या खुंट्या उपटल्या, दुसऱ्या बाजूला ठोकल्या. आकडा तोच.  मग त्यानं वरिष्ठांना फोन लावला.

“सर, उद्याचं पुढं ढकला. अर्थिंग फेल आहे. नाही सर, टेस्टिंगवाल्यांचं बरोबर आहे. चूक माझी आहे.”

त्या क्षणी मला त्याचा आणखीच हेवा वाटला. मला असं बोलणं जमलं नसतं.

पुढच्या काही दिवसांत दत्तानं बोअर घेऊन अर्थिंगच्या सळ्या पार जमिनीतल्या ओलीपर्यंत खाली उतरवल्या. पुन्हा मोजलं, बरोबर आलं, मी सही केली. प्लँट सुरू झाला. उद्घाटनाचं बोलावणं होतं, मी गेलो नाही.

अजूनही जळतोच. फक्त ज्याच्यावर जळतो, त्याच्या कामाचं रीडिंग एकट्यानं घेत नाही.