काकूंनी बंद केलेला बल्ब

मंडळी, आज संध्याकाळी राळेगावात घरच्या गच्चीवरून मृग नक्षत्राचे फोटो काढून राह्यलो होतो. अंधारातल्या एका फोटोत दाण्यांसारखे लई ठिपके दिसतात, म्हणून एकसारखे पुष्कळ फोटो काढून कॉम्प्युटरवर एकावर एक चढवतो.

भारनियमन होतं, आभाळ मस्त काळं होतं. अन् अर्ध्यातच लाइट आली! शेजारच्या काकूंच्या अंगणातला बल्ब लागला. म्हटलं, गेलं सारं.

काकूंनी वर माह्याकडे पाह्यलं, बल्ब बंद केला अन् चुलीच्याच उजेडात भाकरी थापत बसल्या.

आत्ता त्यांले तयार फोटो दाखवला. दाणे गायब, मृगातला तेजोमेघ, म्हंजे वायूचा ढग, मस्त गुलाबी!

काकू म्हणे, "म्हंजे माहा अंधार कामी पडला म्हण की!"

तुमच्यासाठी कोणी असा आलेला उजेड बंद ठेवलाय का?