अठरा वर्षांच्या पोराची भाकर

हिंगणघाटात रात्री तिच्या घरची वाट आंधळा बैलही धरायचा, दिवसा मात्र ती कोणालाच ठाऊक नसायची. ती धंदा करायची, मी शेजारी. तिचा पोरगा अठराचा झाला तसा हवालदार दारात येऊन हसला, "आता मायच्या कमाईवर जेवला, तर पोराले आत टाकीन. कायदाच हाय." येणारी गिऱ्हाइकं मोकळीच!

ती पिठाचा डबा घेऊन माझ्याकडे आली. "भाऊ, पोरगा तुमच्या घरी जेवते म्हणून हवालदाराले सांगजा. पीठ मी देत जाईन."

वाघाच्या दाढा मोजल्याचं गावाला पटवणारा मी, एवढं खोटं म्हणजे किरकोळच! पण बायको आतून कडाडली, "तिचं पीठ माह्या परातीत नाई पडणार!"

मागे उभ्या पोरानं ते ऐकलं आणि उपाशीच नागपूरची गाडी धरली.