माय बाहेर बसली तेव्हा

मायची पाळी जाऊन कित्येक वर्षं झाली होती. म्हणून दिवाळीला बाभुळगावजवळच्या गावी पोचले आणि आत्यानं दारातच "तुही माय बाहेर बसली हाय" म्हटलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. मग मागच्या गोठ्यात गेले. गव्हाणीशेजारी गोणपाटावर माय बसली होती. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला, लुगडं खालून भिजलेलं.

"कोणी मारलं?"

"तुह्या बापानं. त्याचं तरी काय चुकलं? वेचणी अडून राह्यली ना."

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात कपाशीला दहीभात दाखवतात, सीतादही म्हणतात त्याला. आमच्याकडे ते मायच करायची. यंदा ती बाहेर बसली आणि रक्त थांबेना. पाच दिवस धरायचे, न्हायचं, मग घरात यायचं, अशी रीत. थांबतच नाही तर बाई घरात येणार कशी? दवाखान्याचं काढलं की बाबांचं एकच उत्तर, "हे बंद होऊ दे, मंग नेऊ." शेजाऱ्यांच्या वेचण्या सुरू झाल्या. बाबा रोज गोठ्यात येऊन विचारायचे, "बंद झालं का?" शेवटी त्यांनी बैलगाडीची उभारी, कडेचा दांडका, उपसली आणि थांबत नाही म्हणून तिला झोडपून काढलं.

मी यवतमाळच्या कॉलेजात भाषा शिकवते. सुट्टीआधी मुलींना फळ्यावर याच गोष्टीचे युरोपातले शब्द लिहून दाखवले होते. लॅटिनमध्ये मेन्सिस म्हणजे महिना, डॉक्टरांचा इंग्रजी शब्द मेन्स्ट्रुएशन त्यातून आला. पीरियड मूळचा ग्रीक, अर्थ फेरी. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश बायका बोलताना चक्क 'नियम' म्हणतात. फार खुशीत होते मी त्या तासाला. गोठ्यात ते आठवलं. महिना, फेरी, नियम, आणि आपलं पाळी. फळ्यावरच्या एकाही शब्दात रक्त नव्हतं. सगळ्यांनीच शेपूट घातलेलं. पाळी म्हटलं की मायला काही झालेलंच नव्हतं. रक्त म्हटलं असतं तर त्या घरात कोणीतरी घाबरलं असतं.

"माय, ही पाळी नाही. रगत हाय हे. चाल दवाखान्यात."

"हळू बोल. बाप ऐकन."

गोठ्याला दुसरी वाट नाही, माझी गाडी पुढं रस्त्यावर, मधे घर. मी तिला काखेत धरून उठवलं. बाबा मधल्या दारात आडवे आले. "घर बाटवतं काय?" मी दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर धक्का मारला. ते मागच्या जात्यावर आपटले, डोकं फुटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण खरी मारामारी पुढं झाली, मायशी. देवघरासमोर तिनं चौकट घट्ट धरली. "मले देवाम्होरून नको नेऊ, पोरी, पाया पडतो तुह्या." मी तिची बोटं सोडवायला लागले तर तिनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. इतका जोर तिच्या अंगात होता. तो सगळा जोर माझ्यावर का, या रागानं मी तिला ओढलं, अक्षरशः फरफटत. फरशीवर दोघींचं रक्त सांडत गेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?" माय माझ्याकडे बघत म्हणाली, "पाळी हाय, बाई." गर्भपिशवीचा कॅन्सर होता. फार उशीर केलात, त्या म्हणाल्या.

संक्रांतीच्या आत माय गेली. दवाखान्याच्या गाडीतून तिला घरी आणलं. आम्ही तिला उचलून पायरीपर्यंत नेलं, तर आत्या दारात उभी. ती माझ्या कानाशी वाकली.

"बंद झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

आत्या बाजूला झाली, आणि मायला घरात घ्यायला बाबांनी हात पुढं केले.